जोडदगड कुठे गेला, साहेब?

प्रति,
घरकुलांच्या फायली पुढे सरकवणारे, शाळांच्या भिंतींवर ‘सुस्थितीत’ असा शेरा मारणारे आणि आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल सांभाळणारे सर्व साहेब यांस,

स. न. वि. वि.

मी गवंडी आहे. तेरणाकाठच्या एका पुनर्वसित गावात राहतो. गेल्या महिन्यात हातातलं एक काम मी अर्धवट सोडलं. ते का सोडलं, हे चार लोकांत सांगावं म्हणून हे पत्र.

काम घरकुलाचं होतं. विटांचं बांधकाम खिडक्यांच्या माथ्यापर्यंत आलं होतं. तिथे चारही भिंतींवरून फिरणारा तीन इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा टाकायचा, आत दोन सळया, दर सहा इंचांवर आडवी कडी, आणि कोपऱ्यात सळई न तोडता वळवून पुढच्या भिंतीत न्यायची, असं मी घरमालकाला आधीच सांगून ठेवलं होतं. तो तयारही होता. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, “पट्टा कशाला? खिडकीपुरता लिंटेल टाक. पट्टा इस्टिमेटमध्ये नाही.” मी म्हणालो, साहेब, हा किल्लारीच्या भूकंपाचा भाग आहे. ते हसले. “तीस वर्षं झाली त्याला. आता काय होतंय?” घरमालकाला हप्ता अडकायची धास्ती. तो माझ्याकडे बघेना. मी थापी धुतली आणि घरी आलो. दुसऱ्या गवंड्यानं ते घर पुरं केलं. फोटो निघाला, हप्ता जमा झाला. घरमालकावर माझा राग नाही. साहेबांवरही तेवढा नाही, कारण त्यांच्या कागदात खरंच पट्टा नव्हता. राग आहे तो कागदावर, आणि तो कागद तुमच्याकडून येतो.

३० सप्टेंबर १९९३ ला मी चौदा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन उरकून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किती वेळ, ते सांगता येत नाही. मला तर आवाजच आठवतो, खडीनं भरलेला ट्रक छातीवर रिकामा व्हावा तसा.

आमचं घर माळवदाचं. नव्या साहेबांपैकी कुणी ते पाहिलं नसेल म्हणून सांगतो. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचन म्हणजे बारक्या लाकडांचा थर, पालापाचोळा आणि वर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती पडायची. जुनी कुणी काढत नसे. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन ओझं. आमच्या माळवदावर ती दीड फुटाच्या वर असेल. खाली भिंती दोन हात जाड. माझा आजा गवंडी, वडील गवंडी. आजा म्हणायचा, तोफ लागली तरी ही भिंत हलायची नाही.

मी वाचलो तो लाकडामुळे. माजघराच्या एका खणाचे खांब आणि तुळया जागेवर राहिल्या. भोवतीच्या भिंती गेल्या. उजाडलं तेव्हा वरच्या साण्यातून उजेड खाली आला आणि त्याच भोकातून चुलत्यांनी मला ओढून काढलं. आजी आणि धाकटी बहीण भिंतीकडेला झोपल्या होत्या. भिंतीकडेला गार असतं म्हणून. दोघींच्या सरणाला लाकूड आमच्याच घराच्या तुळयांचं लागलं, कारण गावात दुसरं लाकूड नव्हतं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना हे माहीत आहे. घराघरातून असंच झालं.

मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, लोक दहा हजार म्हणतात. भूकंप ६.२ चा होता. जगात सहा ते सातच्या दरम्यानचे भूकंप दरवर्षी शंभराहून जास्त होतात. बहुतेकांची बातमीसुद्धा आपल्यापर्यंत येत नाही. मग आमच्याकडे एका पहाटेत एवढी माणसं का गेली? याचं उत्तर आम्हाला १९९५ मध्ये मिळालं आणि ते तुमच्याच खात्यांनी दिलं, हे मला आज तुम्हाला आठवून द्यावं लागतंय.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम निघाला. ५२ गावं नव्या जागी वसवली आणि बाकीच्या शेकडो गावांत उभी असलेली घरं मजबूत करायची ठरली. त्यासाठी गवंड्यांना शिकवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिकायला गेले आणि त्यांच्याबरोबर घमेलं उचलायला मी. पहिल्या दिवशी एका इंजिनियरनं आमच्याकडून कमरेएवढ्या दोन भिंती बांधून घेतल्या. एक आमच्या पद्धतीची. बाहेरून दगडाचं एक तोंड, आतून एक तोंड, मधल्या पोकळीत माती, कपच्या, गोटे. दुसरी तशीच, पण दर दोन फूट उंचीला आणि आडव्या चार-चार फुटांवर भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार पोचणारा एक लांब दगड घातलेला. इंग्रजीत त्याला थ्रू-स्टोन म्हणत. आम्ही त्याला जोडदगड म्हणायला लागलो. मग दोन्ही भिंतींखालच्या फळ्यांना पहारी लावून आम्ही हिसके दिले. आमची भिंत चौथ्या-पाचव्या हिसक्याला पोट सुटल्यासारखी फुगली आणि पोतं उसवावं तशी मधली भर बाहेर आली. दुसरीला भेगा गेल्या, पण ती उभी होती.

त्या संध्याकाळी अण्णा घरी आले नाहीत. मी शोधत गेलो तर जुन्या गावात, आमच्या घराच्या ढिगाऱ्यावर बसून दगड उलटेपालटे करत होते. आजानं रचलेल्या भिंतीचे दगड. बराच वेळ हुडकून म्हणाले, “यात एकही लांब दगड नाही रे.”

त्यानंतर अण्णांनी आयुष्यात एकही भिंत जोडदगडाशिवाय रचली नाही. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली दगडमातीच्या भिंती बांधतंय कोण? विटा आहेत, सिमेंट आहे. खरं आहे. पण विटेच्या भिंतीला जोडदगडाचं काम पट्टा करतो. जोत्याला एक, खिडक्यांच्या माथ्यावर एक आणि वर पत्रा असेल तर भिंतीच्या माथ्यावर एक. चार भिंती सुट्या हलल्या तर कोपऱ्यातून फाटतात, पट्ट्यानं बांधल्या तर डब्यासारख्या एकत्र हलतात. एवढीच त्यातली विद्या. देशाच्या बांधकाम संहितेत हे सगळं आहे. हलक्या दर्जाच्या दगडविटांची घरं भूकंपात कशी टिकवायची याचं भारतीय मानक १९९३ सालचंच आहे. आमचीच तारीख आहे त्यावर, आणि तेच आमच्या गावात कुणाला माहीत नाही.

आता माझ्या तक्रारी सांगतो.

पहिली घरकुलाची. सपाट भागातल्या घरकुलाचं मूळ अनुदान एक लाख वीस हजार. त्यात काय-काय बसवायचं याची ओढाताण मला कळते, मी रोज तीच करतो. पण हप्ता सोडताना तुम्ही जोत्याचा फोटो मागता, लिंटेलचा मागता, छताचा मागता. मोबाइलवर जागेच्या नोंदीसकट फोटो चढतो. त्या फोटोत काँक्रीट दिसतं, सळई दिसत नाही. काँक्रीट ओतण्याआधी, सळया उघड्या असताना एक फोटो मागितला असता तर आमच्या तालुक्यातली निम्मी घरं आपोआप सुधारली असती. पट्ट्याला लोखंड किती लागतं? छोट्या घराला थोडंच. गृहप्रवेशाच्या जेवणात आमच्याकडे यापेक्षा जास्त पैसे उडतात, हे मान्य करतो. पण जेवण घालायला कुणी सांगावं लागत नाही, पट्टा टाकायला सांगावं लागतं. ते सांगायचं काम तुमचं.

दुसरी तक्रार पुनर्वसित घरांची, आणि ही मला सगळ्यांत जास्त सलते. तेव्हा जमिनीच्या हिशेबानं घरं वाटली गेली. भूमिहीन आणि अडीच एकरापर्यंतच्यांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. घरं भक्कम होती, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण अडीचशे फुटांत एक संसार बसतो. मुलं मोठी झाली, सुना आल्या, त्यांची मुलं आली. मग प्रत्येकानं मागे एक खोली काढली, बाजूला एक पडवी काढली. कशानं? जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून ट्रॅक्टरनं आणलेल्या दगडांनी, मातीत रचून. म्हणजे ज्या दगडांनी आजी गेली तेच दगड, त्याच पद्धतीनं, भूकंपानंतरच्या घराला चिकटवलेले. नवी भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकवलेली असते, शिवलेली नसते. माझ्या गल्लीत अशा चौदा खोल्या आहेत. जोडावर बोटभर भेग पडते, त्यात लोक पावसाळ्याआधी सिमेंट भरतात. तीस वर्षांत एका साहेबानं येऊन सांगितलं नाही की खोली वाढवायची तर अशी वाढवा. नकाशा नको होता हो, एक कागद पुरला असता, चित्राचा. बांधकामाची परवानगी नाही म्हणून नोटीस मात्र एकदा आली होती.

तिसरी तक्रार शब्दांची आहे. जमिनीतून आवाज आला की तुमच्या निरोपात आणि मग वर्तमानपत्रात लगेच ‘गूढ आवाज’ येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असंच झालं. हिंगोलीकडे वसमत, औंढा, कळमनुरीच्या गावांत वर्षानुवर्षं होतंय. तिथे २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ चा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा ४.५ चा. नांदेड, परभणीपर्यंत भांडी वाजली. यात गूढ काय आहे? लहान भूकंप उथळ असला की त्याच्या लाटा जमिनीतून वर येऊन हवेत शिरतात आणि कानाला गडगडाट ऐकू येतो. हे मला एका निवृत्त भूगोलाच्या मास्तरांनी पाच मिनिटांत सांगितलं. तुम्ही गूढ म्हणता आणि मग मोबाइलवर दुसऱ्या दिवशी फिरायला लागतं की मराठवाड्यात ज्वालामुखी फुटणार. मागच्या वेळी आमच्या शेजारणीनं पोराला शाळेत पाठवलं नाही, लाव्हा येईल म्हणून. लाव्हा आला होता, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आपण बसलोय तो काळा दगड तोच. किल्लारीजवळ भोक पाडून पाहिलं तेव्हा तो ३३८ मीटर जाड निघाला, कोयनेकडे नऊशे मीटरच्या वर आहे. त्या दगडाची आग केव्हाच विझली. भूकंप होतात ते खाली, जुन्या खडकातल्या भेगांवर ताण साचून. हे लोकांना सांगायला कुणी मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. ‘घाबरू नका’ एवढंच लिहून पाठवलं की माणूस जास्त घाबरतो.

याच निरोपांत एक सूचना मात्र कामाची असते: पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. बरोबर आहे, धक्क्यानं तेच दगड आधी डोक्यात पडतात. पण साहेब, माणसानं ते हौसेनं ठेवलेले नाहीत. वैशाखातल्या वावटळीनं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेत. दगड काढायला सांगताय तर पत्र्याला हुक-बोल्ट मारून द्या. एका खोलीला दहा-बारा पुरतात. मी मजुरी घेणार नाही, आताच लिहून देतो.

चौथी तक्रार नकाशाची म्हणा किंवा आठवणीची. १९९३ पर्यंत सरकारी नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. काळ्या दगडावरचा देश, तो कशाला हलतोय, असं सगळ्यांनाच वाटायचं. कोयनेचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट उजाडली आणि मग तिथला झोन बदलला. आमचा बदलायला २००२ उजाडलं. पहिला झोन नकाशातून काढूनच टाकला आणि आम्ही तिसऱ्यात गेलो. म्हणजे नकाशा दर वेळी माणसं गेल्यावर शहाणा होतो. पण जमिनीनं आम्हाला आधी सांगितलं होतं. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीत धक्के बसत होते, ऑक्टोबरात तर घरांना भेगा गेल्या. लोक अंगणात झोपायला लागले. ओरडा झाला, पाहणी झाली, हळूहळू धक्के थांबले, थंडी पडली, लोक आत गेले. भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही, आजही येत नाही, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण भेगा पडलेल्या भिंती बघायला भविष्य कळावं लागत नव्हतं. तेव्हा माळवदावरची माती जरी अर्धी उतरवून घेतली असती…

असो. पुढचं लिहवत नाही.

शाळेचं थोडक्यात. माझी नात ज्या शाळेत जाते तिथे वर्षातून एकदा पोरांना बाकाखाली बसवून फोटो काढतात. सराव करताय हे चांगलंच. पण ज्या वर्गात सराव होतो त्या वर्गाच्या कोपऱ्यात भेग आहे आणि व्हरांड्याचा एक खांब तळाशी गंजून सळई दाखवतोय. मी मुख्याध्यापकांना दाखवलं, त्यांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं, इमारत सुस्थितीत.

आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला तुम्ही स्मारकावर येता, फुलं वाहता. आम्हाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जपानात १९२३ चा कांतोचा भूकंप झाला ती तारीख १ सप्टेंबर, आणि त्या दिवशी तिथे देशभर सराव करतात. साकुराजिमाच्या ज्वालामुखीखाली राहणारी पोरं शाळेत जाताना डोक्यावर हेल्मेट घालतात, आपली पोरं पाण्याची बाटली घेतात तसं. ती माणसं आपल्याहून श्रीमंत आहेत म्हणून हे करतात असं तुम्ही म्हणाल. हेल्मेटला किती पैसे लागतात?

मागण्या फार नाहीत. धोक्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या झोनमधल्या प्रत्येक घरकुलाच्या इस्टिमेटमध्ये पट्टा लिहा, त्याचे पैसे लिहा आणि काँक्रीटआधीच्या उघड्या सळईच्या फोटोशिवाय हप्ता सोडू नका. वाढीव खोली कशी बांधायची, जुन्या भिंतीला नवी कशी शिवायची, याचा एक चित्रांचा मराठी कागद प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, आणि जी बांधून झालीत त्या खोल्या मजबूत करायला मदत द्या. गुन्हेगार समजून नोटीस नको. गवंड्यांचं प्रशिक्षण परत सुरू करा. १९९५ ला शिकलेले बहुतेक आता थकले किंवा गेले. त्यांच्या हाताखालची आमची पिढी आहे तोवर करा, कारण आमची मुलं पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर गेलीत, त्यांनी ही विद्या पाहिलेली नाही. शाळेच्या इमारतीची तपासणी कुणी केली, कधी केली, काय निघालं, हे शाळेच्या भिंतीवर रंगवून लिहा, पटसंख्या लिहिता तसं. धक्का बसला की चोवीस तासांत किती, कुठे, किती खोल, एवढं मराठीत चावडीवर लागू द्या. आणि ‘गूढ’ हा शब्द बंद करा. जी माळवदं अजून उभी आहेत, आणि पुष्कळ आहेत, त्यांच्यावरची जादा माती उतरवायला मजुरी द्या. पावसाळ्याआधी पंधरा दिवसांचं काम आहे, रोजगार हमीत बसवता येईल की नाही ते तुम्हाला जास्त कळतं.

एक विनंती वेगळी आहे. माझ्या वाड्यामागे मी दोन भिंती बांधून ठेवल्यात, कमरेएवढ्या, खाली फळ्या घालून, अण्णांनी पाहिल्या होत्या तशाच. रविवारी गल्लीतली चार पोरं येतात, त्यांना दाखवतो. जी पडते ती पुन्हा रचतो. पट्टा नाकारणाऱ्या साहेबांनी एकदा यावं, पहार मी देतो. हिसका त्यांनी स्वतःच्या हातानं द्यावा. चहा होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तेरणाकाठचा एक गवंडी